ठळक अक्षराची फिर्याद

गेल्या वर्षी आमच्या मोरगावात एका आकड्याने एका म्हातारीला फसवले. आकडा नवाचा होता.

सखूकाकू वस्तीवर राहतात. वय सत्तरीच्या पुढे. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात उतरू लागलेला. गावात मोफत नेत्रतपासणीचे शिबिर व्हायचे होते आणि त्याचा फलक एस.टी.च्या थांब्यापाशी लागला होता. काकूंना तो वाचता येणे शक्यच नव्हते. त्यांनी नातवाकडून वाचून घेतला. नातू पाचवीत, डोळ्यांनी धडधाकट, वाचनात वर्गात पहिला. त्याने तारीख वाचली अकरा. अकराला सकाळी काकू फडक्यात भाकरी बांधून वस्तीवरून चालत गावात आल्या आणि दुपार टळेपर्यंत मयूरेश्वराच्या देवळासमोर बसून राहिल्या. मी दर्शनाला गेलो तेव्हा त्या तिथेच होत्या.

“आवं गुर्जी, त्यो डाक्टर यायचा हाय का न्हाई? पोरगं तर अकराच म्हनत हुतं.”

मी थांब्यावर जाऊन फलक पाहिला. तारीख एकोणीस होती. पण ती एकोणीस आहे हे अगदी नाक लावल्यावर कळले. तांबडे, गलेलठ्ठ आकडे. त्यांच्याभोवती पिवळी किनार. किनारीमागे काळी सावली. नवाच्या पोटातली पोकळी बुजून गेलेली, आणि शेजारचा एक त्याच्याइतकाच फुगलेला. दहा पावलांवरून पाहिले तर दोघे जुळे भाऊ. नातवाचे काहीएक चुकले नव्हते. उभा जन्म मुलांना आकडे शिकवण्यात घालवलेला मी मास्तर. मीही अकराच वाचले असते.

एकोणीसला काकू आल्या नाहीत. ‘एक हेलपाटा झाला, आता पुरे’ म्हणाल्या. त्यांच्या डोळ्याचे काम त्यानंतर सात महिन्यांनी झाले. मधले सात महिने त्यांनी चूल चाचपडत पेटवली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी शिबिर भरवायचे, आणि त्याची जाहिरात अशी करायची की ज्यांना दिसते त्यांनाही ती वाचता येऊ नये, यापरता मोठा विनोद कोणता? पण मला त्या दिवशी हसू आले नाही.

आता वाचक म्हणतील, दिवाळीच्या दिवसांत हा मास्तर असले रडगाणे का घेऊन बसला? सांगतो. ज्या जाड अक्षराने ही गडबड केली ते अक्षर मूळचे फार गुणी आहे. त्याला आपण बिघडवले आहे. म्हणून माझी फिर्याद अक्षराविरुद्ध नाही, अक्षराच्या वतीने आहे. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही-आम्ही सगळेच उभे आहोत.

माझा आणि जाड अक्षराचा परिचय जुना. माझे वडील बारामतीच्या एका लहानशा छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवणारा तो जुळारी. हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरला आहे. आठवडाभर ते बारामतीत राहत आणि शनिवारी गावी येत. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर छापखान्यात जाई. पायाने हाकायचे ट्रेडल यंत्र, शाईचा वास, खिळ्यांच्या घरांनी भरलेले लाकडी खण, आणि कोपऱ्यात एक वेगळी पेटी. त्या पेटीत लाकडाची मोठाली अक्षरे होती. शिशाचा एवढा मोठा खिळा जड होतो आणि महागही पडतो. म्हणून भिंतीवरच्या जाहिरातींची अक्षरे लाकडात कोरीत. जत्रेच्या कुस्त्यांची जाहिरात आली की ती पेटी उघडे.

वडिलांचा एक नियम होता. एका जाहिरातीत जाड ओळ एकच. ‘कुस्त्या’ हा शब्द जाड. त्याखाली गाव आणि तारीख मध्यम पण मोकळ्या अक्षरात. मग पहिलवानांची नावे, इनामाच्या रकमा आणि शेवटी पंचांची नावे साध्या खिळ्यांत. एकदा एक हौशी गृहस्थ आले आणि म्हणाले, “मास्तर, सगळंच जाड करा, पैसे देतो.” छापखान्यातल्या जुळाऱ्यालाही लोक मास्तरच म्हणत. वडील हसून म्हणाले, “साहेब, पेटीत जाड ‘क’ तीन आहेत. चौथा कुठून आणू?” गृहस्थ गेल्यावर मला म्हणाले, “तीनच आहेत हे बरं आहे. तीस असते तर यानं तीसही लावले असते.”

त्या वेळी मला ही कारागिराची काटकसर वाटली. आज कळते की ती शहाणपणाची गोष्ट होती. अक्षर दुर्मीळ होते म्हणून माणसाला विचार करावा लागे: या सबंध मजकुरातला कोणता शब्द खरोखर मोठ्याने सांगण्याजोगा आहे? पेटीतल्या तीन ‘क’ंनी त्याला तो विचार करायला भाग पाडले. संगणकाच्या पेटीत ‘क’ अगणित आहेत. विचार मात्र तेवढाही उरला नाही.

हे जाड अक्षर मुळात आले कुठून, तेही पाहू. रोमन लिपीत त्याचा जन्म बाजारातच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिराती भिंतींवर चिकटू लागल्या, आणि पुस्तकातले नाजूक अक्षर रस्त्यावरच्या गलक्यात कुणाला दिसेना. तेव्हा अक्षरे कोरणाऱ्यांनी एक युक्ती काढली. अक्षराच्या जाड रेषा दुपटी-तिपटीने जाड केल्या आणि बारीक रेषा मात्र केसासारख्या बारीकच ठेवल्या. रॉबर्ट थॉर्न या कारागिराचे नाव या प्रकाराशी जोडले जाते. इंग्रजीत त्याला ‘फॅट फेस’ म्हणजे ‘लठ्ठ चेहरा’ असेच नाव पडले. रोमन अक्षराच्या टोकांना ज्या आडव्या पट्ट्या असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, त्या या लठ्ठ चेहऱ्यात धाग्यासारख्या राहिल्या. पहिलवानाने पायात नाजूक चाळ बांधावेत तसा हा थाट. परंतु त्या थाटामागे तर्क होता. जाड रेषा दुरून हाक मारते. बारीक रेषा, जवळ आल्यावर, हे कोणते अक्षर ते सांगते. एकीने बोलवायचे, दुसरीने ओळख द्यायची. दोघींपैकी एकही गेली तर काम फसते.

आपल्या देवनागरीला सेरिफ नाहीत. तिला शिरोरेषा आहे. पण जाड आणि बारीक यांचा संसार तिच्याही घरी आहे, आणि तो बोरूने मांडून दिलेला आहे. ज्यांनी लहानपणी कित्ता गिरवला त्यांना आठवेल: बोरूचे टोक तिरपे छाटायचे, एका कलाने धरायचे, मग हात एका दिशेला गेला की रेघ रुंद उमटते आणि दुसऱ्या दिशेला गेला की आपोआप बारीक होते. रोमन लेखणीचा कल आणि आपल्या बोरूचा कल एकमेकांच्या उलट. म्हणून त्यांच्या अक्षराची जाडी जिकडे झुकते त्याच्या विरुद्ध बाजूला आपली झुकते. इंग्रजी अक्षराचा थाट उचलून मराठी अक्षराला चिकटवला की ते परक्याचा अंगरखा घातल्यासारखे दिसते, त्याचे कारण हे.

हा कल छापखान्यातही टिकला पाहिजे, यासाठी आपल्याकडच्या माणसांनी किती खस्ता खाल्ल्या! गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर पहिले मराठी पंचांग छापले. छापील पोथीला शिवायला लोक कचरत, कारण शाईत चरबी असते असा समज. तेव्हा त्यांनी शाईत तूप घातले, अशी हकीकत सांगतात. पुढे जावजी दादाजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. त्यांचे जोडीदार राणोजी रावजी आरू हे ठसे कोरीत. ठसा कोरणे म्हणजे काय, तर पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. ती कांब तांब्यात ठोकून साचा करायचा. साच्यात शिशाचा रस ओतून खिळा काढायचा. आणि प्रत्येक आकाराला हे काम नव्याने करायचे! लहान ‘क’ मोठा करून मोठा ‘क’ होत नसे. सडपातळ ‘क’ फुगवून जाड ‘क’ होत नसे. जाड अक्षर हवे असेल तर कोणीतरी माणूस बसून, त्याच्या पोटातली पोकळी किती ठेवायची, काना कुठे ठेवायचा, मात्रा कुठे बसवायची, याचा विचार करून ते नवे कोरीत असे. देवनागरी मुद्रणाक्षरांच्या या साऱ्या उद्योगाची चिकित्सा बापूराव नाईकांनी आपल्या त्रिखंडी ग्रंथात केली आहे; तो १९७१ साली निघाला. ज्याला वाटते की अक्षर म्हणजे चार रेघा, त्याने तो नुसता चाळून पाहावा.

आता आजच्या फलकवाल्याकडे चला. मी त्या शिबिराच्या फलकाचा माग काढीत एका दुकानात गेलो होतो. दुकान कोणते, ते सांगत नाही. कारण त्या पोराचा दोष सगळ्यांत कमी आहे. विशी-बाविशीचा हुशार, नम्र मुलगा. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

“अरे बाळ,” मी म्हटले, “हे आकडे एवढे का फुगवलेस?”

“गुरुजी, बोल्ड केल्याशिवाय उठाव येत नाही.”

“बोल्ड म्हणजे काय केलंस?”

त्याने करून दाखवले. साध्या अक्षराला एक बटण दाबून जाड केले. मग चारी बाजूंनी त्याच रंगाची किनार दिली; अक्षर आणखी फुगले. मग दुसऱ्या रंगाची किनार, मग सावली. शेवटी नाव फलकात मावेना म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद केले. सगळे मिळून अर्धे मिनिट.

हा अर्ध्या मिनिटाचा खेळच माझ्या फिर्यादीचे मूळ आहे. यंत्राला जाड-बारीक कळत नाही. ते अक्षराच्या कडेने चहूकडून सारखाच थर चढवते. त्यामुळे जाड रेषा जाड होते आणि बारीकही तेवढीच जाड होते. बोरूचा कल मरतो. थर बाहेरच्या बाजूला चढतो तसा आतल्या बाजूलाही चढतो; म्हणून पोकळी बुजते. हाका मारणारी रेषा उरते आणि ओळख देणारी मरते. पहिलवानाच्या अंगावर मांस चढणे वेगळे आणि अंगाला सूज येणे वेगळे. रस्त्यारस्त्यावर आपण जी अक्षरे पाहतो ती पहिलवान नाहीत. सुजलेली माणसे आहेत.

आणि आपली लिपी अशी की तिला सूज मुळीच मानवत नाही. तिची कितीतरी अक्षरे एका बारीक खुणेने वेगळी होतात. ‘व’च्या पोटात एक तिरपी रेघ ओढली की ‘ब’. ‘प’च्या पोटात ओढली की ‘ष’. ‘म’ची शिरोरेषा तोडून टोकाला गाठ मारली की ‘भ’. ‘घ’चे तसेच केले की ‘ध’. ही रेघ बुजली, ही गाठ चिकटली, की शब्दच फिरला. पाणीपट्टीच्या फलकावर ‘भरणा केंद्र’ लिहायचे आणि वाचणाऱ्याने ‘मरणा केंद्र’ वाचायचे! लग्नाच्या मंडपावर ‘वर’ लिहायचे आणि लांबून पाहणाऱ्याने ‘बर’ म्हणून मान डोलवायची! तुम्ही हसाल. पण औषधाच्या दुकानावरची वेळ, शेतकऱ्याला दिलेली खताच्या मात्रेची सूचना, वळणावरचा धोक्याचा फलक, यांतला आकडा बुजला तर हसू येणार नाही. सखूकाकूंचे सात महिने असेच गेले.

एवढ्यावर कोणी म्हणेल, “गुरुजी, तुम्हाला जुन्याचा लळा. तुम्हाला संगणकच नको आहे.” हे मात्र मला मान्य नाही. संगणकाचे उपकार मी मानतो. हा लेखसुद्धा अखेर त्याच्यावरच जुळवला जाणार. शिवाय या यंत्रासाठी अक्षरे घडवणारी माणसे आपल्यात झाली आहेत आणि आजही आहेत. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी आपल्या सुलेखनाची विद्या संगणकाच्या अक्षरांत ओतली. कितीतरी कचेऱ्यांतल्या संगणकांवर दिसणारे ‘मंगल’ हे अक्षर त्यांचे. आणि खास जाड अक्षरेही घडली आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘रोझा वन’ नावाचे अक्षर प्रसिद्ध केले. त्यात त्या लंडनच्या लठ्ठ चेहऱ्याचा थाट रोमनमध्ये आहे आणि त्याच्या जोडीला देवनागरी आहे: जाड रेषा भक्कम काळी, बारीक रेषा धाग्यासारखी. मोठ्या आकारात एखादे शीर्षक त्यात लावा. कसे दिमाखात उभे राहते! पण त्याच अक्षरात बारीक मजकूर लावला तर धागे तुटतात आणि डोळे शिणतात. कारण ते अक्षर त्या कामाचे नाहीच. शालू नेसून कोणी शेण सारवत नाही. त्यात शालूचाही अपमान नाही आणि सारवणाचाही नाही.

आमच्या गणपतीच्या गावाला शोभेल असे दुसरे उदाहरण देतो. ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘मोदक’ नावाचे अक्षर केले आहे. नावाप्रमाणेच गुबगुबीत; देवनागरीत याहून लठ्ठ अक्षर शोधावे लागेल. तरीही ते वाचता येते! कसे? तर पोटातली पोकळी त्यांनी बुजू दिली नाही. ती आवळत आवळत एका बारीक पांढऱ्या रेघेवर आणली, पण रेघ राखली. ‘ब’ची तिरपी रेघ राखली, ‘भ’ची गाठ राखली. मोदकाच्या पाऱ्या जशा बोटांनी एकेक वळतात, तसे एकेक अक्षर वळले. लठ्ठपणा म्हणजे सूज नव्हे, हे यावरून शिकावे. आणि गंमत अशी की ‘रोझा वन’ काय किंवा ‘मोदक’ काय, दोन्ही फुकट मिळतात. कोणीही उतरवून घ्यावीत, वापरावीत. तेव्हा पैशाची सबब चालणार नाही. घरात केळीचे पान असता उष्ट्या पत्रावळीवर जेवण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप यापेक्षा भारी आहे. “मराठी अक्षर आज निदान पाटीवर तरी दिसते आहे, मग ते जाड आहे की वाकडे, याची उठाठेव कशाला?” महाराष्ट्रात २०२२ साली दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पाटीवर मराठी, देवनागरीत आणि आरंभी असावी. तिची अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांहून लहान नसावीत, असे ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मला या गोष्टीचा आनंद झाला. मराठी शाळेच्या मास्तराला तो होणारच. परंतु नंतर पुण्याला गेलो तेव्हा पाट्या पाहून आनंद अर्धा झाला. कित्येक दुकानांची इंग्रजी नावे मुद्दाम घडवून घेतलेल्या, तोलून-मापून बसवलेल्या अक्षरांत. आणि त्यांच्या डोक्यावर मराठी नाव, मापाला बरोबर पण यंत्राने ताणून फुगवलेले, मात्रा शिरोरेषेत रुतलेल्या, रफार कुठेतरी हवेत. कायद्याने पट्टी लावून उंची मोजली. रूप कोण मोजणार? माप देणे सरकारच्या हाती होते, ते त्याने दिले. मान देणे आपल्या हाती आहे, तो आपण देत नाही. पाहुण्याला पाटावर बसवायचे आणि पाट मोडका द्यायचा, याला आदरातिथ्य म्हणत नाहीत.

रूपाचा विषय निघालाच आहे तर ‘श’ आणि ‘ल’ यांचीही दाद मागून घेतो. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि मराठीचा ‘श’ देठाचा. राज्य शासनानेही २००९ सालच्या वर्णमालेच्या निर्णयात हीच रूपे धरली. हिंदीत त्यांची वळणे वेगळी आहेत, आणि ती हिंदीच्या घरी शोभतात. माझे त्यांच्याशी भांडण नाही. पण संगणकाला भाषा मराठी आहे असे सांगितले नाही, की तो बहुधा हिंदी वळण पुढे करतो. अनेक चांगल्या अक्षरसंचांत मराठी रूपे आतच ठेवलेली असतात, मागायची खोटी. मागत कोणी नाही. परिणामी पहिलीतले मूल पाटीवर एक ‘ल’ गिरवते आणि शाळेच्या दारावरच्या फलकावर दुसराच ‘ल’ पाहते. ते मला विचारते, “गुरुजी, खरा कोणचा?” लहान अक्षरात हा फरक खपून जातो, फूटभर उंचीच्या जाड अक्षरात तो गावभर दिसतो. जाड अक्षर गुण मोठे करते तसा दोषही मोठा करते. आमच्याकडे प्रत्येक लग्नपत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री मयूरेश्वर प्रसन्न’ लिहितात. देवाचे नाव घेताना पहिलेच अक्षर नीट लिहावे, एवढे तरी मागायला हरकत नसावी.

राहता राहिला सर्वांत मोठा दोष; तो यंत्राचा नाही, आपल्या मनाचा आहे. आम्हाला सगळेच मोठ्याने सांगायचे असते. आमच्या चौकातला फलक पाहा. एकाचा वाढदिवस, त्याला शुभेच्छा देणारे पंचवीस जण, आणि सव्वीसही नावे जाड. त्याच्याच शेजारी कुणाच्या निधनाचा फलक: ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, तेही त्याच अक्षरात, त्याच किनारीत, त्याच सावलीत. दोन्ही फलक एकाच दुपारी एकाच माणसाने केलेले; रंग तेवढा बदललेला. सुखाला आणि दुःखाला एकच गळा! घरात मयत झाले असता कोणी ओरडून सांगत नाही. हलक्या आवाजात सांगतो, आणि ते गावाला बरोबर ऐकू जाते. अक्षरालाही आवाज असतो. कमल शेडगे आयुष्यभर नाटकांची नावे रेखाटत राहिले. ते २०२० साली गेले. त्यांनी काढलेले नाव पाहिले की नाटक हसवणार की रडवणार, हे तिकीट काढण्याआधीच कळे. आज अक्षर पाहून एवढेच कळते की कोणाला तरी फार घाई होती.

आमच्या देवळाचा नगारा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तो ठरल्या वेळी वाजतो. वाजला की शेतातला माणूस मान वर करतो, घरातली बाई हात जोडते. तो चोवीस तास वाजू लागला तर काय होईल? पहिल्या दिवशी लोक चिडतील, आठव्या दिवशी सवय होईल, आणि महिन्याने तो कुणाला ऐकूच येणार नाही. जाड अक्षराचे आपण हेच केले. सगळीकडे, सदासर्वदा वाजवून वाजवून त्याला मुके केले. म्हणून मग किनार लागली, सावली लागली, झगमगाट लागला. आणि तरीही कोणी पाहत नाही. पंचवीस जाड नावांत वाचणारा फक्त आपले नाव शोधतो, आणि ते सापडले की निघून जातो.

फिर्याद मांडली, आता मागणी मांडतो. ती चार कलमांची आहे, आणि त्यांपैकी एकालाही सरकारी मंजुरी लागत नाही.

पहिले, जाड अक्षर एका फलकावर एका ओळीलाच. ती ओळ कोणती, हे फलक लावणाऱ्याने दुकानात जाण्याआधी घरून ठरवून जावे. दुसरे, तारीख, वेळ, पत्ता आणि फोनचा आकडा नेहमी साध्या, मोकळ्या अक्षरात. त्याला किनार नाही, सावली नाही. तिसरे, जाड हवे तर जाड म्हणून घडवलेलेच अक्षर घ्यावे. बटण दाबून सुजवलेले नको, दोन बाजूंनी दाबलेले नको. चौथे, ‘श’ आणि ‘ल’ आपले. आणि हे सगळे झाल्यावर फलक वीस पावलांवरून पाचवीतल्या मुलाकडून वाचून घ्यावा. मूल अडखळले तर फलक चूक, मूल नव्हे.

हे होण्याजोगे आहे काय? आहे. त्या दुकानातल्या मुलाला मी त्या दिवशी ‘ब’ आणि ‘व’ कागदावर काढून दाखवले. मग त्याच्याच संगणकावर जाड म्हणून घडवलेले एक अक्षर उतरवून घेतले आणि शेजारी शेजारी लावून पाहिले. तो बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, “गुरुजी, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. गिऱ्हाईक म्हणतं जाड कर, आम्ही करतो.” त्याचे खरे आहे. गिऱ्हाईक म्हणजे आपण. वडिलांच्या पेटीत तीनच ‘क’ होते म्हणून तेव्हाचे गिऱ्हाईक शहाणे ठरले. आजच्या गिऱ्हाइकाला ते शहाणपण स्वतःहून आणावे लागेल.

आता तुळशीचे लग्न लागेल आणि घरोघरच्या पत्रिका छापायला जातील. या अंकाचा वाचक त्या निमित्ताने दुकानात बसला असता, दुकानदाराने ‘सगळं बोल्ड करू का?’ असे विचारले, तर त्याने एवढेच म्हणावे: “नवरा-नवरीची नावं तेवढी जाड करा. मुहूर्त मात्र असा लावा की आमच्या आजीला वाचता आला पाहिजे.”

सखूकाकूंना आता बरे दिसते. परवा थांब्यावर भेटल्या. नव्या फलकाकडे बघत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “गुर्जी, डोळं आलं, पर ह्ये काय लिवलंय त्ये अजून कळंना.”

मी वाचून पाहिले. मलाही कळेना.